जत्रेतून परत येताना हातात काय होतं: मोठं होण्याच्या दोन कथांची तुलना अशी करा

जानेवारीत सोलापूरच्या होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा, भरला की माझ्याकडं संध्याकाळी शिकायला येणारी पोरं आठ-दहा दिवस गायबच असतात, आणि परत येतात ती नेमकी असाइनमेंट घेऊनच. त्यातला एक प्रश्न जवळजवळ ठरलेला, दोन कथांमधल्या व्यक्तिरेखा, नातेसंबंध आणि प्रतीकं यांची तुलना करा. कथा बहुतेक वेळा लहान मुलाच्या किंवा वयात येणाऱ्या पोराच्या असतात, म्हणजे ज्यात कोणीतरी मोठं होतं अशा. पोरं काय करतात, वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ मारतात, डावीकडं साम्य, उजवीकडं भेद. साम्य: दोन्ही कथांत लहान मुलगा आहे. भेद: एक कथा भारतात घडते, दुसरी परदेशात. हे चूक आहे असं नाही, पण त्यातून हाताला काही लागत नाही, कारण असलं टेबल कथा न वाचता गाईडवरूनही भरता येतं.

मी गेली बरीच वर्षं ज्या पद्धतीनं शिकवते ती इथं नीट लिहून ठेवते, बारावीला असाल, बीएला असाल किंवा नुसतंच आवडीनं वाचत असाल तरी चालेल. उदाहरणाला तीन कथा घेते. प्रेमचंदांची ईदगाह (1933), जेम्स जॉइसची ॲरबी, जी त्याच्या 1914 सालच्या डब्लिनर्स या संग्रहात आहे, आणि रवींद्रनाथ टागोरांची छुट्टी (1892). तिन्ही लहान आहेत, एका बैठकीत होतात. वाचल्या नसतील तर आधी वाचून या, हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसा, कुठंही बसा, पण वाचा. माझा सारांश वाचून तुलना लिहायला घेतली तर परत त्याच टेबलावर याल.

आधी जोडी नीट जमवा

मास्तरांनी कथा ठरवून दिल्या असतील तर प्रश्नच मिटला, पण निवड तुमच्या हातात असेल तर दोन्हीकडं एक ठोस गोष्ट सारखी असेल अशी जोडी घ्या. "दोन्हीत बालपण आहे" हे ठोस नाही. "दोन्हीत पोरगं थोडे पैसे घेऊन जत्रेला जातं आणि दुसऱ्या कुणासाठी तरी काहीतरी आणायचं त्याच्या मनात येतं" हे ठोस आहे. ईदगाह आणि ॲरबीची जोडी मला आवडते ती यासाठीच. ईदगाहमधला हमीद चार-पाच वर्षांचा, तीन कोस चालत ईदच्या मेळ्याला जातो. ॲरबीतला मुलगा डब्लिनमधल्या ॲरबी नावाच्या बाजाराला रात्री एकटा रेल्वेनं जातो, कारण समोर राहणारी, त्याच्या मँगन नावाच्या दोस्ताची बहीण, जिच्यावर त्याचा जीव जडलाय, तिला तिथं जाता येणार नसतं आणि हा म्हणून बसतो की मी गेलो तर तुझ्यासाठी काहीतरी आणेन. एक आजीसाठी चिमटा घेऊन परत येतो, दुसरा रिकाम्या हातानं. आता इथून पुढं विचारायला किती प्रश्न सुटतात बघा की.

माझा एक नियम आहे, पोरं सुरुवातीला वैतागतात पण नंतर त्यांना पटतो. कथा वाचून झाल्या की लगेच विश्लेषण लिहायचं नाही. आधी स्वतःच्या आयुष्यातला तसलाच एक प्रसंग अर्धं पान लिहायचा, कुणाला दाखवायचा नाही, फक्त लिहायचा. मी माझा सांगते. मी तिसरीत होते, वडील यंत्रमाग कारखान्यात कामाला होते आणि गड्ड्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी नेतो म्हणाले होते. मी नवा फ्रॉक घालून ओट्यावर बसले ती बसलेच, दुसऱ्या पाळीचा माणूस आला नाही म्हणून त्यांना माग सोडता आला नाही, ते आले तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते, तरी त्यांनी मला सायकलवर बसवून नेलं, आणि आम्ही पोचलो तेव्हा दुकानदार ताडपत्र्या घड्या करत होते, पाळणा थांबला होता, एकेक बल्ब विझत होता. नंतर कॉलेजमध्ये ॲरबी पहिल्यांदा वाचली, त्यातला तो अर्धा अंधारलेला हॉल, बंद होत आलेले स्टॉल, वरून दिवे विझल्याची आरोळी, आणि मला वाचता वाचता हुंदका आला होता.

पण थांबा, हे लिहून काढायचं ते एवढ्यासाठी नाही की माझी पण सेम स्टोरी. तुमची आठवण आणि कथा कुठं जुळत नाही ते दिसावं यासाठी. माझ्या वडिलांना उशीर का झाला ते मला ठाऊक होतं, त्यांच्या अंगाला सुताच्या कोंड्याचा वास येत होता आणि सायकल चालवताना ते दमले होते. ॲरबीतल्या पोराचा काका मात्र विसरलेला असतो. नऊ वाजता दार उघडून येतो, स्वतःशीच बडबडतो, कोटाच्या वजनानं खुंटाळं हलतं, आणि पोरगं म्हणतं की या खुणा मला वाचता येत होत्या. काका पिऊन आलाय असं सरळ कुठंच लिहिलेलं नाही, ते आपण ओळखायचं. म्हणून माझं त्या रात्रीचं दुःख आणि त्याचं दुःख एक नाही, मला वडिलांची दया आली होती, त्याला स्वतःचीच लाज वाटली. जिथं सारखेपणा तुटतो तिथं पेन ठेवा, तुलना तिथून चालू होते. हेच दोन कथांच्या बाबतीत करायचं असतं, स्वतःवर एकदा करून बघितलं की हात बसतो.

व्यक्तिरेखा: विशेषणं नको, क्रियापदं लिहा

हमीद समजूतदार आहे, प्रेमळ आहे, त्यागी आहे. असली उत्तरं मी शेकड्यानं तपासलीत. समजूतदार हा शब्द लिहिला की पोरांना वाटतं काम झालं, पण त्या शब्दात हमीद कुठंय, तो तर कुठल्याही शहाण्या पोराला लागेल. त्याऐवजी एक कोरा कागद घ्या आणि हमीद काय काय करतो तेवढंच ओळीनं लिहा. खेळण्यांकडं बघतो. हातात घ्यायला मागतो, मिळत नाहीत. मातीची आहेत, पडली तर फुटतील असं म्हणतो. त्याचा दोस्त मोहसीन रेवडी पुढं करतो, हा हात पुढं करतो, तेवढ्यात मोहसीन स्वतःच खाऊन टाकतो. लोखंडाच्या दुकानापाशी थांबतो. किंमत विचारतो. सहा पैसे ऐकून मन खट्टू होतं. घासाघीस करतो. चिमटा बंदुकीसारखा खांद्यावर टाकतो. मग दोस्तांशी असा वाद घालतो की शेवटी तेच त्यांची खेळणी देऊन चिमटा हातात घेऊन बघतात.

ही यादी समोर आली की दिसतं, हमीदला खेळणं हवंच होतं की! तो संत नाहीये. ललचावलेल्या नजरेनं बघत होता, द्राक्षं आंबट म्हणत होता, आणि चिमटा घेतल्यावर सुद्धा तो त्याच्याशी खेळतोच, त्याला बंदूक करतो, पहिलवान करतो. म्हणजे चिमटा घेणारा हमीद आणि खेळणारा हमीद एकाच वेळी एकाच अंगात आहेत. हे समजूतदार या एका शब्दात कसं मावणार.

आता हाच कागद ॲरबीच्या पोराचा करा. तो सकाळी खिडकीच्या पडद्याखालून समोरच्या दाराकडं बघतो, ती निघाली की मागं मागं चालतो, वाटा वेगळ्या होतात तिथं झपझप पुढं निघून जातो. शनिवारी काकाची वाट बघतो. उशिराच्या गाडीत एकटा बसतो. आत गेल्यावर फुलदाण्या आणि चहाचे सेट न्याहाळतो, स्टॉलवरची बाई काय हवंय असं विचारते ते केवळ कर्तव्य म्हणून, हा नको म्हणतो, तरी थोडा वेळ रेंगाळतो. नोटीस करा, पूर्ण कथेत तो बघतो, मागं चालतो, वाट बघतो, रेंगाळतो. हमीद विचारतो, भांडतो, विकत घेतो. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की तुमचं तुलनेचं वाक्य आपोआप येतं, ते कुठल्या गाईडात सापडणार नाही.

अजून एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पैशांचा हिशोब करा. कथेत पैसे असतील तर लेखकानं ते उगाच मोजून दिलेले नसतात. हमीदच्या आजीकडं, अमीनाकडं, त्या दिवशी दोन आणे उरलेत, म्हणजे आठ पैसे, त्यातले तीन हमीदच्या खिशात आणि पाच तिच्या बटव्यात. दोस्तांपैकी महमूदकडं बारा पैसे, मोहसीनकडं पंधरा. म्हणजे हमीदनं चिमट्याला तीन पैसे दिले तेव्हा त्यानं त्या दिवशीच्या अख्ख्या घराच्या शिलकीपैकी तीन अष्टमांश घातले! आता तिकडं बघा, काका पोराला एक फ्लोरिन देतो, दोन शिलिंग, म्हणजे 24 पेन्स. स्वस्तातलं दार सापडत नाही म्हणून तो एक शिलिंग देऊन आत शिरतो, 12 पेन्स तिथंच गेले. शेवटी खिशात दोन पेनी सहा पेन्सच्या नाण्यावर पडल्याचं तो सांगतो, म्हणजे आठ उरले. कमी पैसेवाला घेऊन येतो, जास्त पैसेवाला नाही. का? हमीदला दुकानात शिरण्याआधीच आजीची बोटं आठवतात. ॲरबीच्या पोराला त्या मुलीला काय हवंय हे माहीतच नसतं, त्यानं तिला कधी नीट विचारलेलंच नसतं. हा पॉइंट मी शिकवलेला नाही, माझ्या एका विद्यार्थिनीनं काढला होता आणि तेव्हापासून मी तोच सगळ्यांना सांगते.

कथा कोण सांगतंय हेही इथंच बघून घ्या, त्याला जास्त वेळ लागत नाही. ईदगाहमध्ये बाहेरचा निवेदक आहे, हमीदचे आईवडील वारलेत हे तो आपल्याला सांगतो पण हमीदला ठाऊक नाही, त्याला वाटतं वडील कमवायला गेलेत. म्हणजे वाचकाला पोरापेक्षा जास्त माहीत आहे आणि त्यामुळंच जीव तुटतो. ॲरबीत मोठा झालेला माणूस "मी" म्हणून बोलतो, त्याला स्वतःच्या लहानपणापेक्षा जास्त कळतंय. एकीकडं दया, दुसरीकडं लाज, हा फरक निवेदनातून आलाय, हे उत्तरात लिहाच.

नाती: मोठं होताना बघायला कोण होतं

नातेसंबंध म्हटलं की पोरं वंशावळ लिहितात. हमीद आणि आजी, मुलगा आणि काका-काकू. मी त्यांना एकच प्रश्न देते. पोरगं ज्या क्षणी मोठं झालं, तो क्षण कुणी बघितला का?

ईदगाहमध्ये अमीना बघते. आधी छाती बडवून घेते, काय हे पोर, दुपार झाली, खाल्लं ना प्यायलं, आणलं काय तर चिमटा. हमीद चाचरत सांगतो, तुझी बोटं तव्यावर भाजायची म्हणून आणला. आणि मग तिचा राग वितळतो, ती पदर पसरून दुवा देत रडते, आणि निवेदक म्हणतो की छोटा हमीद म्हाताऱ्या हमीदचं काम करून गेला आणि म्हातारी अमीना लहान मुलगी झाली. अदलाबदल! मोठं होण्याची कथा फक्त पोराच्याच बाजूनं वाचायची नसते, पोरगं मोठं झालं की समोरचं मोठं माणूस कुठं जातं तेही बघायचं असतं.

ॲरबीत कुणी बघत नाही. तो अंधारात एकटा उभा आहे, डोळे जळतायत, आणि जिच्यासाठी आला ती मुलगी तर तिथं नाहीच. घरी काका झोपला असेल. मी वर्गात विचारलं होतं, आता हा घरी गेल्यावर काय सांगेल? सगळी पोरं गप्प. काहीच नाही सांगणार. ही गप्प राहण्याची गोष्ट आहे.

आणि छुट्टी. या कथेला मी तिसरी म्हणून का घेते ते इथं कळेल. फटिक तेरा-चौदा वर्षांचा, गावातल्या पोरांचा म्होरक्या, नदीकाठी पडलेला साल लाकडाचा ओंडका ढकलत नेण्याचा खेळ काढतो, धाकटा भाऊ माखन त्यावर हटून बसतो, पोरं ओंडक्यासकट त्याला गडगडवतात. मग मामा येतो आणि फटिकला शिकायला कलकत्त्याला घेऊन जातो. मामी नकोसं करते, शाळेत मार बसतो, पुस्तक हरवतं. कधी घरी जायचं विचारलं तर मामा म्हणतो सुट्टी लागू दे. शेवटी तापानं फणफणलेला असताना आई येते, पण तोवर उशीर झालाय, तो तिला सांगतो की आई आता मला सुट्टी लागली, मी घरी चाललो. म्हणजे इथं बघणारं माणूस येतं, पण उशिरा. तीन कथा, एकच प्रश्न, तीन उत्तरं: बघितलं, बघितलं नाही, उशिरा बघितलं. माझं तर असं ठाम मत झालंय की मोठं होण्याची कुठलीही कथा या प्रश्नाला लावून बघावी, ती आपोआप उलगडायला लागते.

नात्यांच्या बाबतीत अजून एक खास आपल्या भाषेचं सांगते. ॲरबीत इंग्रजीत नुसतं अंकल आहे, आणि वर मी सरळ काका लिहून मोकळी झाले. पण तो मामा असेल तर? मराठीत काका म्हटलं की वेगळा धाक, मामा म्हटलं की वेगळा लाड. म्हणून इंग्रजी कथेवर मराठीत लिहिताना एकदा तरी नोंद करा की मूळात हे ठरलेलं नाही. छुट्टीत मात्र तो पक्का मामाच आहे, आईचा भाऊ, आणि इथंच आपल्याकडच्या वाचकाला चटका बसतो. आपल्याला मामाचं गाव म्हणजे सुट्टी. इथल्या पोरांनाही विचारा, मे महिना म्हणजे अक्कलकोट नाहीतर विजापूरकडचा मामा, आंबे, आणि दुपारभर विहिरीवर. फटिकचं उलटं झालंय, त्याला मामाच्या घरून सुट्टी हवी आहे. हा मुद्दा बंगालीत जेवढा दिसेल त्यापेक्षा मराठीत वाचताना जास्त टोचतो असं मला वाटतं, आणि तो तुमच्या उत्तरात आला तर ते उत्तर तुमचं वाटेल.

प्रतीक: चिमटा आधी चिमटाच आहे

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. पोरं गणितातलं बरोबरचं चिन्ह टाकावं तसं लिहितात, चिमटा म्हणजे प्रेम, अंधार म्हणजे निराशा, नदी म्हणजे जीवन. झालं, प्रतीक संपलं. माझं म्हणणं असं की प्रतीकाचं भाषांतर करायचं नाही, त्याचा प्रवास लिहायचा. ती वस्तू कथेत पहिल्यांदा कुठं येते, तेव्हा तिचं काम काय असतं, मधे कुणाकुणाच्या हातात जाते, शेवटी कुठं पडलेली असते.

चिमटा पहिल्यांदा येतो तो नसण्यातून, आजीकडं चिमटा नाही आणि पोळ्या तव्यावरून काढताना बोटं भाजतात. मग दुकानात वस्तू म्हणून. मग खांद्यावर बंदूक. मग वादात रुस्तम-ए-हिंद. इकडं दोस्तांची मातीची खेळणी, भिश्ती, शिपाई, वकील, घरी पोचल्यावर एकेक फुटतात. आणि शेवटी चिमटा अमीनाच्या हातात. म्हणजे दिवसभर तो खेळणं होता आणि घरी येऊन परत भांडं झाला. हा प्रवास लिहिला की प्रेम हा शब्द न लिहिता प्रेम दिसतं.

इथं एक गंमत सांगते, वर्गात झालेली. एका पोरानं विचारलं, मॅडम पण चिमटा कशाला लागतो, आमची आजी तर भाकरी हातानंच उलटते आणि हातानंच विस्तवावर टाकते. खरंय की, आपल्याकडं ज्वारीची भाकरी थापणाऱ्या बाईच्या हाताला चिमटा नसतो. मग बराच वेळ आजीच्या हातांवर बोलणं चाललं. एक मुलगी होती, तिची आजी विड्या वळायची, ती हळूच म्हणाली की आमच्या आजीची बोटं तंबाखूनं पिवळी झालीत, घासली तरी जात नाहीत. त्या दिवशी वर्गाला अमीनाची बोटं दिसली. वस्तू कळायची असेल तर ती ज्या हातात जाणार आहे तो हात आधी बघावा लागतो. पण उत्तरात भाकरीचं लिहू नका, तिथं पोळीच आहे आणि तवा त्यांचाच आहे, आपली आठवण कथेत शिरायला मदत करते, कथेच्या जागी बसायला नाही.

ॲरबीत तर अडचण अजून वेगळी, तिथं वस्तूच नाही. तो काही घेतच नाही. मग प्रतीक कुठलं? तो शब्द. ॲरबी हा शब्दच त्याच्या डोक्यात घुमत असतो, पूर्वेकडचं काहीतरी जादूचं म्हणून, आणि तिथं पोचल्यावर दिसते एक सभागृहातली थकलेली बाजारपेठ आणि इंग्लिश वळणानं बोलत टवाळी करणारी तिघं. डब्लिनमध्ये 1894 च्या मे महिन्यात या नावाचा बाजार खरंच भरला होता. म्हणजे जॉइसनं नाव बनवलेलं नाही, लोकांच्या ओठावर असलेलं नाव उचललं. कथेची सुरुवातही बघा, त्यांची गल्ली पुढं बंद होते, इंग्रजीत तिला आंधळी म्हणतात, आणि शेवट अंधारात होतो. पहिल्या वाक्यातला शब्द शेवटच्या वाक्यात डोळे होऊन येतो. असलं काही सापडलं की दोन्ही जागा कागदावर ओढून बाणानं जोडा, परीक्षेच्या आदल्या रात्री हेच कामाला येतं.

छुट्टीतलं प्रतीक ऐकू येतं. मामाबरोबर येताना बोटीवरचे खलाशी पाण्याची खोली मोजत ओरडत असतात, एक वाव लागत नाही, दोन वाव लागत नाही, आणि तापात फटिक तेच बरळतो. दोरी सोडतोय आणि तळ लागत नाहीये. त्यावर मी जास्त काही बोलत नाही, एकदा मोठ्यानं वाचून बघा.

आता लिहायचं कसं. एक परिच्छेद ईदगाह, एक परिच्छेद ॲरबी, असं आळीपाळीनं लिहू नका, ती तुलना होत नाही, त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं होतात. प्रत्येक परिच्छेदात एक प्रश्न आणि दोन्ही कथा. सुरुवातीला सारखेपणा एका वाक्यात उरका, मग "पण" लिहा, आणि मग त्या "पण"वरच बसून राहा. समजा असं:

दोन्ही मुलं जत्रेला दुसऱ्यासाठी काही आणण्याच्या विचारानं बांधलेली आहेत. पण हमीदला तो विचार मेळ्यात, लोखंडाच्या दुकानासमोर सुचतो, तर ॲरबीतला मुलगा तो कित्येक दिवस उराशी धरून येतो. हमीदला गरज माहीत आहे आणि माणूस रोजच्या बघण्यातलं आहे, म्हणून वस्तू सापडते. ॲरबीतल्या मुलाकडं फक्त वचन आहे, म्हणून समोर स्टॉल भरून वस्तू असूनही त्याला एकही आपली वाटत नाही.

बास, चार वाक्यं. यात व्यक्तिरेखा आली, नातं आलं आणि वस्तूही आली, तिन्हीला वेगळी हेडिंग द्यायची गरजच पडली नाही. मार्कांसाठी हेडिंग द्यावीच लागत असतील तर द्या, पण आधी असे दोन-तीन परिच्छेद मोकळे लिहून घ्या आणि मग त्यांना हेडिंगखाली वाटा. प्रत्येक दाव्यामागं कथेतली एक बारीक जागा हवीच, भाजलेली बोटं, हललेलं खुंटाळं, खिशातली दोन पेनी, नाहीतर ते वाक्य खोडा. आणि कुठली कथा चांगली हे विचारलेलं नसेल तर ठरवायला जाऊ नका. हमीद शहाणा आणि दुसरा वेडा असं तर अजिबात लिहू नका, एक चार-पाच वर्षांचा आहे आणि दुसरा पहिल्यांदा प्रेमात पडलाय, त्यांची परीक्षाच वेगळी आहे.

स्वतःच्या स्वतः सराव करायचा असेल तर टागोरांचीच पोस्टमास्तर (1891) घ्या आणि छुट्टीच्या शेजारी ठेवा. त्यात रतन नावाची अनाथ पोरगी आहे, बारा-तेरा वर्षांची, खेड्यात आलेल्या पोस्टमास्तरची कामं करते, तो तिला अक्षरं शिकवतो, आजारी पडल्यावर ती त्याची शुश्रूषा करते, आणि तो नोकरी सोडून निघतो तेव्हा मला घरी नेणार का असं विचारते. तो हसून उडवून लावतो, मग पैसे देऊ करतो, ती घेत नाही आणि पळून जाते. आधी रतन काय काय करते ते ओळीनं लिहा. मग पैशांचा कागद करा, तिनं न घेतलेले पैसे आणि हमीदनं खर्चलेले तीन पैसे. मग तो प्रश्न, रतन ज्या क्षणी मोठी झाली तो कुणी बघितला, पोस्टमास्तरनं की आपण. आणि शेवटी बोट. दोन्ही कथांत बोट आहे, एकीत पोराला घेऊन जाणारी, दुसरीत पोरीला मागं ठेवून जाणारी, आणि पोस्टमास्तरला वाटेत एकदा वाटतंही की परत फिरावं, पण तोवर शिडात वारा भरलेला असतो. कोणत्या बोटीत कोण बसलंय, काठावर कोण उरलंय आणि बोटीतून काठ दिसतोय का, एवढं एका पानात लिहून आणा.